कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हची भांडी: आधी बटण ठरवा, मग भांडं

प्रश्न असा आला आहे: घरात २८ लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह नुकताच आला आहे. कपाटात स्टीलची भांडी भरपूर आहेत. शिवाय लग्नात मिळालेला मेलामाइनचा डिनर सेट, श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे धुऊन ठेवलेले प्लास्टिकचे डबे, काचेचे दोन बाउल आणि आईने दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा जुना केकचा डबा. दुकानदार म्हणतो, मायक्रोवेव्हचा वेगळा सेट घ्यावाच लागेल. यातलं काय चालेल, काय चालणार नाही, नवीन काय घ्यावं, आणि आईचा डबा आता टाकून द्यायचा का?

सेट घेऊ नका. निदान पहिले दोन-तीन महिने तरी नाही. मी गेली २२ वर्षं पुण्यात मायक्रोवेव्ह आणि बेकिंगचे वर्ग घेते, आणि पहिल्या दिवशी प्रत्येकीला आधी घरातलं कपाट उघडून बघायला सांगते. बहुतेकींकडे लागणाऱ्या निम्म्या वस्तू असतातच. ज्यांनी हौसेने सेट घेतलेला असतो त्यांचे त्यातले चार-पाच डबे वर्षभरात चकली-शेवेचे डबे होऊन जातात, कारण ते नेमके कशाला वापरायचे हे कुणी सांगितलेलंच नसतं.

तुमच्या ओट्यावर आलेली पेटी एक दिसते, पण तिच्यात तीन वेगळ्या चुली आहेत. ‘मायक्रो’ बटण दाबलं की मॅग्नेट्रॉन नावाचा भाग २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. त्या भांड्यातून आरपार जातात आणि पदार्थातल्या पाण्याच्या कणांना हलवून तो पदार्थ तापवतात. इथे भांड्याने काहीच करायचं नाही, लहरींना वाट द्यायची आणि बाजूला राहायचं. ‘कन्व्हेक्शन’ बटण दाबलं की लहरी बंद असतात. आत कॉइल तापते, पंखा गरम हवा फिरवतो आणि आतली हवा सहज १८०-२०० अंशांपर्यंत, काही मशीनमध्ये त्याच्याही वर जाते. इथे भांड्याने स्वतः तापायचं आणि ती उष्णता पदार्थाला द्यायची. म्हणजे एकाच पेटीतल्या दोन चुली भांड्याकडून अगदी उलटं काम मागतात. स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियम पहिल्या चुलीवर चालत नाही, दुसरीवर उत्तम चालतं. चांगलं प्लास्टिक पहिल्या चुलीवर चालतं, दुसरीवर वितळतं. तिसरी चूल ‘कॉम्बी’. तिच्यात लहरीही असतात आणि गरम हवा किंवा ग्रिलही असतं, त्यामुळे भांड्याला दोन्ही परीक्षा एकदम द्याव्या लागतात. तिथे उष्णतारोधक काच आणि काही साधी, नक्षी नसलेली सिरॅमिकची भांडी एवढंच उरतं. नुसत्या ग्रिलला कन्व्हेक्शनचेच नियम लावा, फक्त वरची कॉइल जवळ असते म्हणून भांड्याचा काठ जास्त तापतो हे लक्षात ठेवा.

म्हणून ‘हे भांडं मायक्रोवेव्हमध्ये चालेल का’ असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारते, कोणतं बटण दाबून? भांड्यांची निम्मी नासाडी हा एक प्रश्न न विचारल्याने होते.

दोन बटणांबद्दल आधीच सावध करते, कारण ती फसवतात. एक म्हणजे ‘ऑटो कुक’. त्यात केक, ढोकळा, तंदुरी असे तयार कार्यक्रम असतात आणि त्यातले बरेचसे आतल्या आत लहरी आणि गरम हवा आलटूनपालटून वापरतात. ‘केक’ लिहिलंय म्हणून केकचा पत्र्याचा डबा ठेवायचा असं समजू नका. माहितीपुस्तिकेत त्या कार्यक्रमासमोर कोणतं भांडं वापरायचं ते लिहिलेलं असतं, ते बघूनच ठेवा. दुसरं बटण ‘३० सेकंद’ किंवा नुसतं ‘स्टार्ट’. कन्व्हेक्शनवर केक झाला, आतून जरासा ओला वाटला, म्हणून कुणीतरी पटकन ते बटण दाबतं. बऱ्याच मशीनमध्ये त्याने थेट मायक्रो सुरू होतं, पूर्ण ताकदीवर, आत धातूचा डबा असताना. माझ्या वर्गात हे मी स्वतः दोनदा पाहिलं आहे. वेळ वाढवायचा असेल तर कन्व्हेक्शन पुन्हा निवडून तापमान टाकून मगच सुरू करा, आणि घरातल्या बाकीच्यांनाही हे दाखवून ठेवा.

आता पहिली चूल, मायक्रो. धातूवर लहरी आदळून परत फिरतात. त्यामुळे स्टीलच्या वाटीत वरण ठेवलं तर ते फक्त वरून थोडं तापतं, खालून गारच राहतं. वाटी गुळगुळीत असेल तर कधी कधी ठिणगीही पडत नाही, आणि मग लोक म्हणतात की आमच्याकडे स्टील चालतं. चालत नाही, पदार्थ नीट तापत नाही आणि वाटी मशीनच्या भिंतीजवळ गेली तर ठिणगी पडायची शक्यता असतेच. खरा धोका टोकाचा आणि पातळ धातूचा: काटा-चमचा, चुरगळलेली फॉइल, डब्याची तार, कपाच्या काठावरची सोनेरी रेघ. त्या रेघेकडे आपलं लक्षच जात नाही. एका विद्यार्थिनीने चहा गरम करायला ठेवलेल्या कपाच्या काठाभोवती निळसर ठिणग्या गोल फिरताना आम्ही सगळ्यांनी पाहिल्या. दहा सेकंदांत सोनेरी रेघ काळी पडून सोलली गेली. कप फुटला नाही, पण मशीनच्या आतल्या रंगाला असा चट्टा पडला की तिथे गंज धरतो. चांदीचा वर्ख लावलेली मिठाई गरम करायची असेल तर तीही मायक्रोत नको.

मेलामाइनचा डिनर सेट टेबलावर वापरा, मशीनमध्ये कधीच नको. मेलामाइन स्वतः लहरी शोषतं, ताट पदार्थापेक्षा जास्त तापतं आणि तापल्यावर त्यातली रसायनं अन्नात उतरू शकतात. आंबट किंवा तेलकट पदार्थ असेल तर जास्तच. सेट कितीही सुंदर असू दे, या बाबतीत मी तडजोड करत नाही.

काच किंवा चिनी मातीच्या भांड्याबद्दल शंका असेल तर घरीच एक परीक्षा घ्या. रिकामं भांडं आत ठेवा आणि त्याच्या शेजारी काचेच्या साध्या पेल्यात पेलाभर पाणी. पूर्ण ताकदीवर एक मिनिट चालवा. मग आधी भांड्याला हात लावा. भांडं गार आणि पाणी कोमट झालं असेल तर भांडं लहरींना वाट देतंय, वापरा. भांडं गरम आणि पाणी गार असेल तर भांडंच लहरी खातंय, ते बाजूला ठेवा. मधलं काहीतरी असेल तर अन्न गरम करण्यापुरतं चालेल, शिजवायला नको. पाण्याचा पेला विसरू नका. लहरींना शोषायला आत काहीच नसेल तर त्या मॅग्नेट्रॉनकडे परत जातात आणि त्याचं आयुष्य कमी होतं. या परीक्षेला एक मोठी मर्यादा आहे. भांडं तापतं का एवढंच ती सांगते. प्लास्टिक खाण्याच्या दृष्टीने सुरक्षित आहे का हे ती सांगत नाही. आणि धातूवर किंवा सोनेरी काठाच्या भांड्यावर ही परीक्षा घ्यायचीच नाही.

मातीची भांडी या परीक्षेत हमखास नापास होतात. माती सच्छिद्र असते, धुतल्यावर पाणी धरून ठेवते, आणि तेच पाणी मायक्रोत तापून भांडं चटका बसण्याइतकं गरम होतं, कधी तडकतं. दही लावायचा मातीचा वाडगा त्याच कामाला राहू द्या. चिनी मातीचे काही मग असे असतात की आतला चहा कोमट आणि मगचा कान हात न लावण्याइतका गरम. तेही याच कारणाने. आजीच्या लोणच्याच्या बरण्या तर मशीनमध्ये नकोतच. जुन्या झिलईत शिसं असू शकतं.

आता प्लास्टिक. यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे ‘मायक्रोवेव्ह सेफ’ या शिक्क्याचा अर्थ चुकीचा घेतला जातो. तो शिक्का एवढंच म्हणतो की नेहमीच्या वापरात डबा वितळणार किंवा वाकडा होणार नाही. नेहमीचा वापर म्हणजे पाणी असलेला पदार्थ. पाणी जोवर आहे तोवर पदार्थ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. भात, इडली, वाफवलेला फ्लॉवर, कालचं वरण, सगळं या हद्दीत राहतं. पण तेल, तूप आणि साखर ही हद्द पाळत नाहीत. डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो तो पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, मायक्रोला त्यातल्या त्यात चांगला. पण तोही १६० अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याआधीच मऊ पडतो. फोडणीचं तेल त्या तापमानाला सहज पोचतं.

शेंगदाण्यांचं उदाहरण घ्या. मायक्रोमध्ये दाणे छान भाजले जातात, म्हणून सगळ्याजणी ते पहिल्या आठवड्यात करतात. एका ताईंनी वाटीभर दाणे प्लास्टिकच्या बाउलमध्ये सलग चार मिनिटं ठेवले. दाण्यात पाणी अगदी थोडं आणि तेल भरपूर. पाणी उडून गेल्यावर तेल तापत गेलं. बाउल बाहेर काढला तेव्हा प्रत्येक दाणा जिथे टेकला होता तिथे तळाला दाण्याच्या आकाराचा खळगा पडला होता, आणि काही दाण्यांना वितळलेलं प्लास्टिक चिकटलेलं होतं. तो बाउल मी त्यांच्याकडून मागून घेतला. अजून प्रत्येक वर्गात फिरवते. तो हातात घेतल्यावर कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. दाणे, रवा, खोबरं, काजू भाजायचे असतील तर काचेच्या पसरट भांड्यात, दर मिनिटाला हलवत. दाणे मशीन बंद केल्यावरही आतून भाजत राहतात, म्हणून रंग यायच्या जरा आधीच काढा.

दुसरी खूण रोजची आहे. टोमॅटोची तेलकट रस्साभाजी प्लास्टिकच्या डब्यात तीन-चारदा गरम केली की रश्श्याच्या रेषेवर डबा पांढुरका, खरखरीत होतो आणि लाल डाग बसतो. तो डाग म्हणजे प्लास्टिकचा वरचा थर गेला आहे. असा डबा मशीनमध्ये परत नको. श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे डबे तर गार पदार्थासाठीच बनवलेले असतात. त्यात कडधान्यं भरा, फ्रीजमध्ये ठेवा, तापवू नका. हॉटेलमधून येणारे काळे डबे एकदाच वापरायचे असतात. आणि झाकण कधीही घट्ट लावून तापवू नका. वाफेला वाट हवीच. मी तर प्लास्टिकच्या झाकणाऐवजी वर उलटी काचेची ताटली ठेवते. क्लिंग फिल्मपेक्षा, म्हणजे भांड्यावर ताणून लावायच्या पातळ प्लास्टिकपेक्षा, ती कितीतरी बरी.

म्हणजे तुमच्या खरेदीतला मोठा वाटा काचेचा. पण काच म्हणून जे मिळतं ते सगळं एक नसतं. आपल्याकडे तीन प्रकार येतात. पहिला बोरोसिलिकेट, ज्याला आपण घरोघरी ‘बोरोसिल’ म्हणतो. तो एका कंपनीचा ब्रँड आहे, पण शब्द आता काचेचाच झाला आहे. दुसरा टफन्ड सोडा-लाइम, म्हणजे साधीच काच उष्णतेच्या प्रक्रियेने मजबूत केलेली. तिसरा ओपल, पांढऱ्या, हलक्या डिनर सेटची काच. तापल्यावर बोरोसिलिकेट साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते. भांड्याचा एक भाग गरम आणि दुसरा गार असेल तर दोन भाग कमीजास्त फुगतात आणि त्या ओढाताणीत काच फुटते. जी काच कमी फुगते ती हे जास्त सहन करते, म्हणून ती ओव्हनसाठी चांगली.

स्वयंपाकघरात ही काच आली त्याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने अशी काच रेल्वेच्या कंदिलांसाठी आणि बॅटरीच्या बरण्यांसाठी बनवली होती. तिथल्या शास्त्रज्ञाच्या, जेसी लिटलटन यांच्या पत्नीने, बेसी लिटलटन यांनी, १९१३ मध्ये बॅटरीच्या कापलेल्या बरणीच्या तळात स्पंज केक भाजून पाहिला. केक सगळीकडून सारखा झाला आणि १९१५ मध्ये ‘पायरेक्स’ बाजारात आलं. अमेरिकेतून कुणी पायरेक्सची भांडी भेट आणली तर एक सांगते: तिथे आता त्या नावाने विकली जाणारी घरगुती भांडी टफन्ड सोडा-लाइम काचेची असतात. भांडी चांगलीच आहेत, पडली तर लवकर फुटत नाहीत, पण अचानक गरम-गार त्यांना बोरोसिलिकेटइतकं सोसत नाही. ओपलचा सेट मायक्रोत अन्न गरम करायला बिनधास्त वापरा, कंपनीने तसं लिहिलं असेल तर. कन्व्हेक्शन आणि ग्रिलला नको.

आणि बोरोसिलिकेट फुटत नाही हा समज काढून टाका. काही वर्षांपूर्वी वर्गात बेक्ड व्हेजिटेबल्स २०० अंशांवर झाले, वरचं चीज खरपूस झालं, मी डिश काढली आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवली. तिथे थोड्या वेळापूर्वी कोथिंबीर धुतलेली होती, चमचाभर पाणी राहिलं होतं. टण्ण असा एक आवाज आला आणि डिशचे तीन तुकडे झाले. बारा माणसांचं जेवण वाया गेलं, कारण काचेची कणी कुठे असेल सांगता येत नाही. तेव्हापासून माझ्या ओट्यावर मशीनशेजारी लाकडी पाट किंवा चार घड्यांचं कोरडं फडकं असतंच. कोरडंच हवं. ओल्या फडक्याने तापलेली काच धरली तर काच तडकते आणि हातही भाजतो. तसंच फ्रीजमधून काढलेली डिश तापलेल्या ओव्हनमध्ये लगेच ढकलू नका, अर्धा तास बाहेर राहू द्या. भाजत असलेल्या पदार्थात पाणी घालायचं झालं तर उकळतं घाला. रिकामी काच तापवू नका. आणि जिला चरा किंवा काठावर टवका गेलेला आहे ती काच निवृत्त करा, ओढाताण तिथूनच फाटते.

काचेच्या गुळगुळीत पेल्याचा आणखी एक स्वभाव सांगते. नुसतं पाणी त्यात मायक्रोवर जास्त वेळ ठेवलं तर कधी कधी ते उकळीच्या वर तापतं आणि तरी बुडबुडा येत नाही. मग तुम्ही त्यात कॉफी टाकता, चमचा घालता, आणि सगळं पाणी एकदम उसळून हातावर येतं. पाणी ठेवताना आत लाकडी चमचा उभा ठेवा आणि काढल्यावर अर्धा मिनिट थांबा. मुलं स्वतः पाणी गरम करत असतील तर हे त्यांना नक्की शिकवा.

आकाराकडे कुणी बघत नाही, आणि खरं तर पदार्थ बिघडतो तो तिथे. लहरी पदार्थात साधारण दोनेक सेंटिमीटरच आत जातात, पुढे उष्णता स्वतःच सरकत जाते. म्हणून मायक्रोसाठी उंच अरुंद भांड्यापेक्षा पसरट उथळ भांडं बरं. चौकोनी डिशच्या कोपऱ्यात लहरी दोन बाजूंनी येतात, तिथली बटाट्याची भाजी वाळून चामड्यासारखी होते आणि मधली अजून कच्ची. गोल भांडं घ्या. इडल्या किंवा बटाटे ठेवताना कडेने गोल मांडा आणि मध्य मोकळा सोडा. भात आणि दूध यांना मात्र खोल भांडं हवं. वाटीभर तांदळाला दोन लिटरचा बाउल लागतो, नाहीतर पेज थाळीवर सांडते. दूध तर भांड्याच्या एक तृतीयांशच भरा.

खरेदीला निघण्याआधी आतली काचेची फिरती थाळी मोजा आणि तो आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. भांडं फिरताना भिंतीला अडायला नको, आणि मोजताना भांड्याचे कान धरून मोजा. चौकोनी डिशचा कर्ण मोजा. बाजूने २० सेंटिमीटर असलेल्या चौकोनाचा कर्ण २८ सेंटिमीटरच्या वर जातो, आणि दुकानात लहान वाटलेली डिश घरी येऊन अडकते. कन्व्हेक्शनमध्ये तर भांड्याभोवती चारी बाजूंनी दोन-तीन बोटं जागा राहिलीच पाहिजे. हवा फिरली नाही तर पंख्याचा उपयोग काय? उंचीही बघा: जाळीचा स्टँड, त्यावर डबा, त्यावर फुगलेला केक, आणि वर कॉइल.

आता दुसरी चूल. इथे तुमचं स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही चालतं. केक, नानकटाई, खारी, पाव यांना अ‍ॅल्युमिनियम सर्वांत छान, कारण उष्णता सगळीकडे सारखी पसरते. नवं घेताना जाड पत्र्याचं, फिकट रंगाचं घ्या. काळ्या नॉनस्टिक डब्यात कडा लवकर काळपट होतात, तिथे तापमान १० अंशांनी कमी ठेवा. काचेच्या डिशमध्ये केक करायचा तरी तेच, कारण काच हळू तापते आणि मग उष्णता सोडत नाही. स्टीलच्या पातळ थाळीत नानकटाई केली तर काही खालून करपतात आणि काही पांढऱ्या राहतात, कारण स्टील उष्णता नीट पसरवत नाही. तळ जाड असेल तर बरं. प्रेशर कुकरमधली अ‍ॅल्युमिनियमची भांडी मात्र केकला उत्तम. उभ्या कडा, सपाट तळ, अंगचा जाड पत्रा. अनेक घरांत पहिला केक त्यातच झाला आहे, आणि तो नव्या डब्यातल्या केकपेक्षा कमी नसतो. लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ असलेलं भांडं कन्व्हेक्शनला नको.

तांब्या-पितळेची कल्हईची भांडी ओव्हनमध्ये ठेवायचा मोह हल्ली बऱ्याच जणींना होतो, दिसतात सुंदर म्हणून. कल्हई म्हणजे कथिल, आणि कथिल २३२ अंशांना वितळतं. मशीन २३०-२५० वर ठेवून पिझ्झा करायला गेलात तर कल्हई ओघळेल. कल्हई करून आणलेलं पातेलं गॅसवर मंद आचेला आणि आमटीलाच शोभतं. बिडाचा तवा तापवून त्यावर पिझ्झा किंवा नान अप्रतिम होतो, पण तवा जड असतो. थाळी फिरवणारी मोटर किती वजन पेलते ते पुस्तिकेत बघा आणि तवा ठेवण्याआधी विचार करा.

सिलिकॉनचे साचे मायक्रो आणि कन्व्हेक्शन दोन्हींत चालतात, चांगले साचे साधारण २२० अंशांपर्यंत. विकत घेताना साचा पिळून बघा. पिळलेल्या जागी पांढरी रेघ उमटली तर त्यात भेसळ आहे. ते लवचिक असतात म्हणून थाळीवर ठेवताना खाली ताटली घ्या, नाहीतर पीठ सांडतं. त्यात केकला तांबूस कड येत नाही, मला ते फारसे आवडत नाहीत. ढोकळ्याला आणि मफिनला चालतात. ‘बटर पेपर’ या नावाने जे मिळतं त्यात मेणाचा कागदही असतो आणि खरा बेकिंगचा कागदही. पाकिटावर तापमान लिहिलेलं असेल तोच घ्या. वर्तमानपत्र डब्याला लावायची जुनी पद्धत सोडून द्या. छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांतच त्यावर बंदी आहे.

मग काय घ्यावं? तुमच्याकडे काचेचे दोन बाउल आहेत. त्यांच्या तळावर काय लिहिलंय बघा. बोरोसिलिकेट असतील तर एक दोन लिटरचा आणि एक लिटरभराचा असला म्हणजे झालं. काचेच्याच झाकणाचे असले तर फार चांगलं, कारण प्लास्टिकची झाकणं कन्व्हेक्शनला काढावी लागतात. एक पसरट गोल किंवा लांबट गोल बेकिंग डिश घ्या, दीड लिटरची. तीत बेक्ड भाजी, पुडिंग, भाजलेले दाणे, कॉम्बीवरचं पनीर सगळं होतं. नानकटाईसाठी अ‍ॅल्युमिनियमची कमी उंचीची गोल थाळी, तुमच्या मापाची. कोपरापर्यंत येणारे जाड हातमोजे. हे सगळं सुटं मिळतं. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीला, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात. सेटपेक्षा स्वस्त पडेल आणि प्रत्येक वस्तू रोज हाताशी लागेल.

राहिला आईचा डबा. तो तुमच्या घरातली कन्व्हेक्शनसाठीची सगळ्यात चांगली वस्तू आहे. मायक्रो आणि कॉम्बीला मात्र चुकूनही ठेवू नका. वर्षानुवर्षं वापरून काळसर झाला असेल तर तारेच्या घासणीने घासून चकचकीत करायला जाऊ नका. त्या थराचं काही वाईट नाही. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण, मऊ स्पंज, लगेच कोरडा करा. त्यात टोमॅटो-चिंचेचं काही ठेवू नका, आंबट अ‍ॅल्युमिनियमला खातं. डब्याचा व्यास मोजा. ६ इंचांचा असेल तर अर्ध्या किलोच्या केकचं प्रमाण त्याला पुरतं. ८ इंचांचा असेल तर तेच मिश्रण त्यात पापडासारखं पसरेल, जवळजवळ पावणेदोन पट करावं लागेल. तळाला बेकिंगचा कागद, कडांना तूप आणि मैद्याची भुरभुर, मिश्रण दोन तृतीयांशच्या वर नको. ओव्हन १८० अंशांना तापला की बुटक्या जाळीवर मधोमध ठेवा आणि निदान २५ मिनिटं दार उघडू नका. पस्तिसाव्या मिनिटाला सुरी घालून बघा.